घाटात गाडी लागते : उलटीची गोळी कुणाला द्यायची आणि कधी द्यायची?

माहुलीची_सून

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी चिपळूणला लग्नाला जायचंय, नवऱ्याच्या आतेबहिणीचं लग्न. म्हणजे साताऱ्याहून उंब्रज, तिथून आत वळून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर आणि मग तो कुंभार्ली घाट. घाटाचं नाव काढलं तरी आमच्या घरात निम्म्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ते भुकेचं नव्हे.

गाडीत कोण कोण ते सांगते. मुलगा ७ वर्षांचा, त्याला गाडी लागतेच लागते. सासरे ७१, त्यांना पूर्वी कधी लागत नव्हती, हल्ली वर्षभरात लागायला लागलीय. नवरा गाडी चालवणार, पण तो मागे बसला की त्यालाही मळमळतं म्हणून तोसुद्धा निघताना अर्धी गोळी टाकतो. जाऊबाईंना चौथा महिना. मला काही होत नाही, मी पिशव्या धरणारी.

मागच्या वेळी याच वाटेवर मी काय केलं ते सांगते, हसू नका. पोराला गोळी द्यायचीच राहिली, हेळवाकच्या पुढे त्याला पहिली उलटी झाली तेव्हा पर्समधली गोळी आठवली, अर्धी दिली, ती पाच मिनिटांत बाहेर. मग म्हटलं ती तर पडलीच की, म्हणून पुन्हा अर्धी. मग थोड्या वेळाने परत थोडी. घाट उतरून अलोऱ्यात आलो तर पोरगं असं झोपलं की चिपळुणात खांद्यावर टाकून कार्यालयात न्यावं लागलं. जेवणावळ उठली तरी हा गादीवर आडवा. मी दर दहा मिनिटांनी नाकाशी हात नेऊन बघत होते. त्या दिवशी जी घाबरले ती घाबरले.

यावेळी सासरे नवरीचे मामा आहेत, तिला बोहल्यावर त्यांनाच आणायचंय. तेच झोपले तर काय करायचं? तर एकच स्ट्रिप आणून सगळ्यांना वाटली तर चालते का? कधी द्यायची? सांगा प्लीज.

पसरणी_घाट

ताई आमचं आयुष्य वाई-पाचगणी एसटीत गेलं. पुढची सीट पकडायची, खिडकी उघडी, नजर लांब रस्त्यावर. आणि बुडाखाली पेपर घालून बसायचं, आमची आई शपथेवर सांगायची की पेपरवर बसलं की गाडी लागत नाही.

सदरबझार_७७

@पसरणी_घाट पेपर कुठला पण चालतो का सकाळचाच लागतो? 😄

पसरणी_घाट

हसा हसा. पेपर बुडाखाली असला की माणूस तो वाचत बसत नाही, एवढा फायदा तर आहेच ना. पोरं आता चालत्या गाडीत मोबाईल बघतात आणि मग आई म्हणते काय झालं गं याला.

काउंटरच्या_मागे

मी औषधाच्या दुकानात २२ वर्षं उभा आहे त्यामुळे यावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो. शनिवार-रविवारी सकाळी लोक येतात, बाहेर गाडी चालूच असते, आत येऊन म्हणतात उलटीच्या पाच गोळ्या द्या, घाटात जायचंय. आता उलटीची गोळी हा एक प्रकार नाहीये हो. माझ्या मागच्या फळीवर निदान चार वेगवेगळ्या आहेत आणि त्यातल्या दोन तुमच्या कामाच्याच नाहीत.

हल्ली घरोघरी ऑन्डान्सेट्रॉन असतं, पोट बिघडलं की पोरांना देतात ते, तोंडात विरघळणारी गोळी पण येते. पोटाच्या इन्फेक्शनच्या उलट्यांना किंवा कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांना ते उत्तम. पण गाडी लागू नये म्हणून त्याचा उपयोग नाही. डोमपेरिडोनचंही तेच. लोक घेतात, घाटात ओकतात, आणि सोमवारी येऊन मला म्हणतात गोळी डुप्लिकेट होती.

गाडी लागण्यावर चालतात त्या जुन्या जातीच्या अँटीहिस्टामिन, म्हणजे प्रोमेथाझिन (अवोमिन नावाने लोक ओळखतात ती), मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन. या निघायच्या आधी घ्यायच्या असतात. मोठ्या माणसाला प्रोमेथाझिनची २५ मिग्रॅची एक गोळी प्रवासाच्या एक-दोन तास आधी, मेक्लिझिन असेल तर २५ ते ५० मिग्रॅ तासभर आधी आणि ती मग २४ तासांत परत घ्यायची नाही. मळमळ सुरू झाली की पोट पुढे ढकलायचं काम मंद करतं, तेव्हा गिळलेली गोळी तिथेच पडून राहते नाहीतर बाहेर येते. ताई तुमच्या पोराला तेच झालं. त्यातली किती पडली आणि किती अंगात गेली हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून उलटीनंतर लगेच दुसरी द्यायची नाही.

लहान मुलांचा डोस मी काउंटरवरून सांगत नाही, इथेही सांगणार नाही.

कोरेगावची_लेक

एक बावळट प्रश्न. अँटीहिस्टामिन म्हणजे पित्ताची गोळी ना? मग आमच्या घरात सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची गोळी आहे ती चालेल का?

काउंटरच्या_मागे

@कोरेगावची_लेक नाही नाही नाही. बावळट नाहीये प्रश्न, रोज विचारतात. आपल्याकडे छातीत जळजळलं तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. उपाशीपोटीची ती ॲसिडिटीची, पँटोप्राझोल वगैरे. इथे बोलणं चाललंय ते अंगावर पित्त उठल्यावर देतात त्या कुळातल्या गोळ्यांचं.

सदरबझार_७७

मग सेट्रिझिन का नाही? घरात पत्ता पडलाय, झोपही कमी येते.

कृष्णाकाठचा_डॉक्टर

निवृत्त आहे, त्यामुळे सकाळी सकाळी इथे यायला वेळ आहे.

सदरबझार, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. सेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन या नव्या गोळ्या मेंदूत फारशा शिरू नयेत अशाच बनवल्या आहेत, म्हणून झोप कमी. पण गाडी लागते ती मेंदूत लागते. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या द्रव भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात, घाटात गाडी वळली की त्या मेंदूला कळवतात की वळलो, झुकलो, थांबलो. मागच्या सीटवरच्या पोराच्या डोळ्यांपुढे मात्र पुढच्या सीटची पाठ, ती तर जागची हलत नाही. कान एक सांगतो, डोळा दुसरं सांगतो, आणि या भांडणात पोट रिकामं होतं. तो निरोप उलटीच्या केंद्रापर्यंत जातो त्यात हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन ही दोन रसायनं असतात. जुन्या गोळ्या मेंदूत शिरून दोन्ही अडवतात. म्हणजे झोप येणारी गोळीच कामाची असं दुर्दैवाने आहे.

आणि हा शोध कसा लागला ते सांगायचा मोह आवरत नाही. १९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एका बाईला अंगावर पित्त उठतं म्हणून डायमेनहायड्रिनेट दिलं. पित्ताचं राहिलं बाजूला, ती येऊन म्हणाली मला ट्राममध्ये नेहमी मळमळायचं ते बंद झालं. डॉक्टर गे आणि कार्लिनर यांनी ते बोलणं मनावर घेतलं आणि पुढच्या वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्या एका लष्करी जहाजावर सैनिकांना गोळी देऊन चाचणी केली, आणि ती लागू पडली. पेशंट जाता जाता जे सांगतो ते ऐकावं, एवढंच मी ज्युनियरांना सांगायचो.

आता माहुलीच्या सूनबाई. तुमच्या सासऱ्यांचं मला जास्त खटकतंय. गाडी लागणं दोन ते बारा वयात सगळ्यात जास्त, म्हातारपणी सहसा कमी होत जातं. सत्तरीत नव्याने सुरू झालं तर गोळीच्या आधी कान, बीपी, चालू औषधं बघायला हवीत. त्यांना काय काय चालू आहे? लघवीला अडखळतं का? डोळ्याचा काचबिंदू आहे का?

माहुलीची_सून

डॉक्टरकाका, आत्ता जाऊन त्यांचा गोळ्यांचा डबा बघून आले. बीपीची एक, सकाळी. रात्री टॅमसुलोसिन म्हणून एक, ती मागच्या वर्षीपासून. आणि एक झोपेची अर्धी, ती त्यांनी मला कधी सांगितलीच नव्हती, डबा उघडला तर म्हणतात कधीकधी घेतो गं.

कृष्णाकाठचा_डॉक्टर

मग त्यांना ती गोळी परस्पर देऊ नका. टॅमसुलोसिन बहुतेक प्रोस्टेट वाढल्यामुळे दिलेली असणार. जुन्या अँटीहिस्टामिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, नजर धूसर होते आणि लघवी अडते. प्रोस्टेटवाल्याची लघवी घाटात पूर्ण तुंबली तर चिपळुणात कार्यालयाऐवजी दवाखान्यात नळी घालायला जावं लागेल. अँगल बंद असलेल्या, म्हणजे डोळ्यातलं पाणी निचरायची वाट अरुंद झालेल्या, काचबिंदूत डोळ्याचा दाब एकदम वाढू शकतो. वर झोपेची गोळी आणि ही मिळून दुप्पट गुंगी, उतारवयात भ्रमिष्टासारखं बोलणं, रात्री उठताना पडणं. आमच्याकडे खुब्याचं हाड मोडून आलेल्या आजोबांना पहिला प्रश्न असायचा, काल रात्री काय घेतलं होतं.

टॅमसुलोसिननेही उठताना चक्कर येते, बीपीच्या गोळीनेही येते. त्यांना "गाडी लागते" ती खरंच गाडीच आहे का हे त्यांच्या डॉक्टरला विचारा. डबा सोबत न्या, चिठ्ठी नको, डबाच.

वडाप_मेढा

मी सातारा मेढा म्हाबळेश्वर वडाप मारतो १४ वर्स. केळघरच्या घाटात माझ्या गाडीत किती लोक वकले त्याचा हिशोब न्हाई. ताई तुमच्या मालकांना सांगा गोळी घिऊन गाडी चालवायची न्हाई म्हंजे न्हाई. अर्धी बी न्हाई. मी एकदा सर्दीची गोळी रातच्याला घेतली आन पहाटची पयली फेरी मारली तर वळणावर डोळा लागला, एका सेकंदाचा, मागनं बाई वरडली म्हणून वाचलो. तवापासनं कानाला खडा. आन तशीबी ड्रायवरला गाडी लागतच न्हाई बगा, त्याला म्हाईत असतं कवा वळायचं. तुमचे मालक मागं बसल्यावर मळमळतंय म्हणताय ना, मग पुडं बसल्यावर गोळी कशाला?

पिशव्या घेताना आधी फुंकून बगा, भोक असतंय.

कृष्णाकाठचा_डॉक्टर

@वडाप_मेढा यांनी शास्त्र माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं. चालवणाऱ्याला पुढचं वळण आधी कळतं, त्याचं डोकं आणि मान आधीच तयार असते, म्हणून बहुतेक चालकांना लागत नाही. आणि गुंगी जाणवत नसली तरी प्रतिसाद मंद झालेला असतो. प्रोमेथाझिनचा अंमल काहींना दुसऱ्या सकाळपर्यंत राहतो.

आलेपाक

गोळ्या गोळ्या काय करताय, आल्याची वडी ठेवा तोंडात, लिंबू हुंगा, लवंग चघळा. आमच्या आजीने कधी गोळी बघितली नाही.

कोरेगावची_लेक

तुमची आजी घाटातून बैलगाडीने जायची असेल, वळणं हळू यायची 😄

काउंटरच्या_मागे

आल्याबद्दल मतं दोन्ही बाजूंनी आहेत पण वडीने नुकसान सहसा नाही, ठेवावी. मात्र निघताना मिसळ आणि वर दोन कप चहा अशी पोटपूजा करून आल्याची वडी चघळली तर आलं काय करणार. हलकं खावं, तेलकट नको, अगदी उपाशीही नको.

सदरबझार_७७

आम्ही कॉलेजचे मित्र कासला गेलो होतो फुलं बघायला, एकाने निघताना गोळी घेतली आणि वर जाऊन बीअर. यवतेश्वरचा घाट उतरताना तो गाडीत असा पडला की आम्हाला वाटलं चढली असेल. हलवतोय तर डोळे उघडेना, जीभ जड. घरी न नेता सरळ दवाखान्यात नेला, तिथे रात्रभर ठेवून घेतला. डॉक्टरने आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून झापलं.

कृष्णाकाठचा_डॉक्टर

बरोबर झापलं. दारू, झोपेच्या गोळ्या, ट्रामाडोलसारख्या वेदनेच्या गोळ्या, यांच्याबरोबर नको. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), फिट्स असणाऱ्यांनीही विचारूनच. सिनारिझिन वयस्कर माणसाने चक्करेसाठी महिनोन् महिने घेत राहिली तर हात थरथरणं, कंपवातासारखं होणं दिसतं. प्रवासापुरती वेगळी गोष्ट.

माहुलीची_सून

आणि जाऊबाई? आणि पोराचं राहिलंच. शिवाय पोराला दोन दिवसांपासून खोकला आहे, घरात सिरप आहे ते चालू केलंय.

काउंटरच्या_मागे

सिरपच्या बाटलीमागे बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा आणि ती नावं इथे टाका.

माहुलीची_सून

क्लोरफेनिरामिन मॅलिएट, फिनाइलेफ्रिन, आणि अजून एक लांब नाव.

काउंटरच्या_मागे

हेच म्हणत होतो. क्लोरफेनिरामिन हीसुद्धा जुन्या जातीची अँटीहिस्टामिनच. म्हणजे सिरपमधून एक आणि प्रवासाच्या गोळीतून दुसरी. आई म्हणते मी तर फक्त अर्धी दिली, आणि पोराच्या पोटात एकाच कुळातली दोन औषधं. मागच्या वेळी पण खोकला होता का त्याला?

माहुलीची_सून

अहो, हो. आता आठवतंय. रात्री सिरप दिलं होतं. अंगावर काटा आला.

काउंटरच्या_मागे

तुमचा मुलगा ७ चा आहे, पण लहान लेकरं असलेल्यांनी वाचा : क्लोरफेनिरामिन अधिक फिनाइलेफ्रिन हे मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर छापा, हे आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये कंपन्यांना कळवलं. तरी लोक जुनी बाटली फ्रीजमधून काढतात आणि झाकणाने मापतात.

कृष्णाकाठचा_डॉक्टर

प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाला अजिबात नाही, श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं. आणि त्या वयात गाडी लागणंही विरळच. सातच्या मुलाला देता येतं असं औषध आहे, पण कुठलं आणि किती ते बालरोगतज्ज्ञ वजन बघून सांगतील. काही पोरं या गोळीने झोपायच्या ऐवजी उलट चेकाळतात, सीटवर उड्या मारतात, रडतात. म्हणून घरी असताना एखाद्या सुटीला एक डोस देऊन बघायला चालेल का तेही विचारा, म्हणजे घाटात आश्चर्य नको.

जाऊबाईंनी त्यांच्या स्त्रीरोग डॉक्टरांना फोन करावा. या कुळातल्या काही गोळ्या गरोदरपणात पुष्कळ वर्षांपासून दिल्या जातात, तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण तुमच्या स्ट्रिपमधली नको.

आलेपाक

हा धागा वाचून आता मलाच मळमळायला लागलंय.

माहुलीची_सून

सगळ्यांचे आभार, उद्या दोन्हीकडे जाऊन येते. आल्यावर लिहीन.

माहुलीची_सून

(सोमवार, रात्र) आलो बाबा. सांगते.

सासऱ्यांच्या डॉक्टरांनी डबा बघितला, उभं करून आणि झोपवून बीपी मोजलं, उभं राहिल्यावर चांगलंच खाली जात होतं. बीपीच्या गोळीचा डोस कमी केला, झोपेची बंद करायला सांगितली आणि उलटीची नकोच म्हणाले. बाबांना पुढे बसवलं, मान सीटला टेकवून. पोफळीपर्यंत एक चकार नाही. उलट नवऱ्याला सांगत होते, हळू घे रे, हळू घे.

पोराला बालरोगवाल्यांनी वजन करून डोस लिहून दिला (इथे टाकत नाही, कुणी उचलून आपल्या पोराला देईल), सिरप बंद केलं, आणि शुक्रवारी घरीच एक डोस देऊन बघितला. दुपारी तासभर झोपला, बाकी ठीक. प्रवासाच्या दिवशी पहाटे मोबाईलवर गजर लावून तासभर आधी दिली, सोबत अर्धी पोळी. मधल्या सीटवर बसवलं म्हणजे समोरची काच दिसेल. कोयनानगरला थांबलो, पाय मोकळे केले. पूर्ण घाट उतरला, थोडा पेंगला, उलटी नाही. जाऊबाईंना त्यांच्या डॉक्टरांनी एक गोळी सांगितली होती, त्या ती घेऊन निवांत. नवऱ्याने गोळी घेतली नाही, वडापभाऊंचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला होता.

मुहूर्त १२ चा होता. बाबांनी भाचीला धरून बोहल्यावर आणलं, डोळे पुसले, पण चालले सरळ.

आणि ओकलं कोण? मी. हेळवाकच्या पुढे मागच्या सीटवर बसून हाच धागा वर-खाली करत होते, कुणी नवीन काही लिहिलंय का बघायला.

वडाप_मेढा

पिशवी फुंकून बगितली होती का?

माहुलीची_सून

नाही ना.